मागे जाणारा बाण नाही

कायेतानने कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि गुडघे टेकून तो बोटांनी शोधू लागला. बटाट्याची सालं निघाली. काकडीची सालं निघाली. चार अंड्यांची टरफलं, शेपूच्या जाड काड्या, सूपमधलं हाडूक, आणि काल त्याची बायको योविता ज्यावरून त्याच्याशी भांडली होती ती केसांची पिनही निघाली. देठ मात्र एकही नव्हता.

त्याने सगळं पुन्हा एकदा उलथंपालथं केलं. दुसऱ्यांदा तपासायची त्याला मनाई होती, म्हणून हे त्याने डोळे मिटून, नुसत्या बोटांनी केलं. दोनदा बघितलं असं कुणी म्हणायला नको.

देठ नव्हते. आणि दुपारच्या जेवणात तिघांनी मिळून सात अळंब्या खाल्ल्या होत्या.

त्या सासूबाईंनी आणल्या होत्या. सप्टेंबर संपत आला की लेओकादियाबाई रविवारी पहाटे जंगलात जात आणि दुपारी टोपली घेऊन लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर हजर होत. आज टोपलीत कान्या जातीच्या अळंब्या होत्या, ताटाएवढ्या रुंद. अंड्यात बुडवायच्या, पावाच्या चुऱ्यात घोळवायच्या आणि लोण्यावर परतायच्या. शेजारी शेपू घातलेले बटाटे आणि आंबट सायीतली काकडी. सासूबाईंनी तीन खाल्ल्या, योविताने तीन, कायेतानने एक. ताटं पावाने पुसून घेतली होती. मागे चुरासुद्धा उरला नव्हता.

ती एक त्याने स्वतःच्या मर्जीने खाल्ली नव्हती. तक्त्यात तसं लिहिलं होतं.

तक्ता दारालगतच्या बोळात, बुटांच्या कपाटावर लावला होता. दीड वर्षापूर्वी मानसोपचाराच्या बाईंनी पहिला कागद काढून दिला होता. कामं चौकोनात, प्रश्न शंकरपाळ्यात, आणि एका शंकरपाळ्यातून दुसऱ्याकडे जाणारे बाण. इस्त्री बंद केली का? हो, पुढे जा. नाही, बंद कर, पुढे जा. त्याआधी कायेतान घराबाहेर पडायला चाळीस मिनिटं घ्यायचा आणि निम्म्या जिन्यातून परत यायचा. तक्ता आल्यावर तो चार मिनिटांत बाहेर पडू लागला. मग योविताने त्याच्यासाठी पाव आणण्याचा तक्ता केला, फोन उचलण्याचा केला, छत्री न्यायची की नाही याचा केला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक एकदा साखर मागायला आले आणि वीस मिनिटं तक्ता वाचत उभे राहिले. जाताना म्हणाले, “हे आमच्या लग्नाआधी हवं होतं.”

बाईंचा नियम एकच होता. कुठलाही बाण मागे जात नाही. एकदा तपासलं की ते शंकरपाळं संपलं.

सगळ्यात वर दोन प्रश्न ठळक अक्षरांत होते. पहिला, आत्ता, या क्षणी, खरंच काही घडतंय का? नाही. मग कामाला लाग. दुसरा, भीती वाटतेय का? या शंकरपाळ्यातून ‘हो’चा बाण निघायचा आणि ‘नाही’चाही निघायचा, आणि दोन्ही एकाच चौकोनात जायचे. कामाला लाग. कायेतानने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, बाईंची चूक झाली. बाई म्हणाल्या, “चूक नाही. तुझी भीती ही बातमी नसते, कायेतान. ती हवामान असते.”

वाक्य चांगलं होतं. त्याने ते गाडीत चिकटवलं होतं.

गाडी म्हणजे गाडी शिकवण्याच्या शाळेची, टपावर L लिहिलेली. कायेतान लोकांना गाडी शिकवायचा. शेजारी बसून, पायाखाली वेगळा ब्रेक ठेवून, पुढच्या तीन सेकंदांत कोण कसं मरेल याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळत होता. अकरा वर्षांत त्याच्या हाताखाली साधा आरसासुद्धा फुटला नव्हता. हाच विचार तो घरी करायला लागला की त्याला आजार म्हणत.

आता स्वयंपाकघरात, सालांच्या ढिगासमोर, त्याच्या पोटात गोळा आला होता आणि तो गोळा अळंबीचा आहे की नेहमीचा हे त्याला कळत नव्हतं.

कान्या आणि ती दुसरी, विषारी अळंबी, या दोघींना वरून पाहिलं तर घाईत असलेला माणूस फसू शकतो. देठ पाहिला तर फसत नाही. कान्याच्या देठावरचं कडं सुटं असतं, बोटातल्या सैल अंगठीसारखं वरखाली सरकतं. त्या दुसरीचं सरकत नाही. शिवाय तिच्या बुडाशी, जमिनीखाली, एक पांढरी पिशवी असते. हे त्या भागातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आणि तीच पोरं मोठी झाली की कान्याची छत्री तेवढी सुरीने कापतात आणि देठ जंगलातच उभा सोडून येतात, कारण देठ चिवट असतो, कोण वाहणार?

सगळ्यात वाईट म्हणजे ती दुसरी पोटात गेल्यावर काहीच करत नाही. सहा तास, दहा तास, कधी त्याहून जास्त. माणूस जेवतो, हसतो, वामकुक्षी करतो. पोट दुखायला लागतं तोवर यकृताचं काम सुरू झालेलं असतं. काहीच न घडणं हेच तिचं पहिलं लक्षण.

आत्ता, या क्षणी, खरंच काही घडतंय का? नाही. कामाला लाग.

त्याने हात धुतले आणि तो बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. योविता कोचावर पाय वर घेऊन शब्दकोडं सोडवत होती. तिच्या गालांवर जेवणानंतरची लाली होती. लाली चांगली की वाईट, हे त्याला आठवेना.

“कसं वाटतंय तुला?” त्याने विचारलं.

“जड. तिसरी खायला नको होती.” तिने मान वर केली. “का?”

“असंच.”

योविताने पेन्सिल खाली ठेवली. “कायेतान, बोट कुठंय?”

हा त्यांचा परवलीचा प्रश्न होता. भीती सुरू झाली की त्याने तक्त्यावर बोट ठेवायचं आणि बाणामागून बाण न्यायचं.

“ठेवतोच आहे,” तो म्हणाला.

“शहाणा माझा तो.” ती खरोखर प्रेमाने हसली. “चौदा महिने झाले. मी परवा ऑफिसात सांगितलं सगळ्यांना.”

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत त्याने तीनदा रुग्णवाहिका बोलावली होती. एकदा गॅसच्या वासासाठी, तो वास शेजारच्या कोबीचा निघाला. एकदा स्वतःच्या हृदयासाठी, तेही कोबीनेच झालं होतं. तिसऱ्यांदा सासूबाई दिवसभर फोन उचलेनात म्हणून. तेव्हा अग्निशमनवाल्यांनी कुऱ्हाडीने दार फोडलं आणि आत मांजर सापडलं. सासूबाई संध्याकाळी जंगलातून टोपली घेऊन परतल्या तेव्हा त्यांच्या घराला दार नव्हतं. त्या रात्री योविता शांतपणे म्हणाली होती, “पुढच्या वेळी रुग्णवाहिका आली ना, तर मीही निघेन. तिच्यातून नाही. बसने. सामान घेऊन.” तिसऱ्या वेळेपर्यंत रुग्णवाहिकेच्या फोनवरची बाईही त्याचा आवाज ओळखून म्हणू लागली होती, “बोला कायेतान, आज काय?”

पुरावा नसताना तो काहीच करू शकत नव्हता. आणि पुरावा तिघांनी खाल्ला होता.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि वर्तमानपत्रावरचा ढीग पाहून थबकल्या.

“काय हरवलंय? अक्कल?”

“आई, हळू बोला. देठ कुठंयत?”

“कसले देठ?”

“कान्यांचे.”

“जंगलात. आणखी कुठं असणार? देठ घरी कोण आणतं? नुसतं लाकूड. तुझ्या आईनं आणले असते.”

“कडं सरकतं का, ते बघितलं होतं ना तुम्ही तिथं? कापायच्या आधी?”

“मी काय सोनाराकडे गेले होते?” सासूबाईंनी डबा सरळ केला. “साठ वर्षं अळंब्या काढतेय, जावईबापू. मला लांबून कळतं. शिवाय एकीला गोगलगायीनं कडेनं खाल्लं होतं. गोगलगायीला सगळं कळतं.”

“गोगलगायीला काही होत नाही, आई. तिला ती दुसरीसुद्धा पचते.”

“मग ती तुझ्यापेक्षा धीट आहे.”

कायेतान खुर्चीवर बसला. त्याने हात मांड्यांखाली दाबले. “एकच काम करा. जागा सांगा. मी जातो, देठ बघतो आणि येतो. कडी सरकली तर मी कुणाला काही बोलणार नाही.”

सासूबाईंचा चेहरा बंद झाला. त्याने एवढा वेळ अळंबीबद्दल विचारलं त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. जागा विचारली, हे मात्र मर्यादा सोडून होतं.

“जागा?” त्या म्हणाल्या. “माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारली होती. शेवटच्या दिवसांत, पाद्री येऊन गेल्यावर. मी म्हटलं, हेलेना, देवाकडे जातेयस, तिकडे विचार.”

“त्या कशानं गेल्या?”

“म्हातारपणानं! तुझं डोकं कुठं चाललंय ते कळतंय मला.”

“आई, योविताने तीन खाल्ल्यात.”

“मीही तीन खाल्ल्यात. उभी आहे ना?”

“तेच तर,” कायेतान म्हणाला. “सगळे उभेच असतात.”

हे तो इतक्या हळू म्हणाला की सासूबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून वर होतं.

“दार कधी बसवून देतोयस?” त्यांनी विचारलं. अग्निशमनवाल्यांनी फोडलेल्या दाराच्या जागी त्यांनी फळ्या मारून घेतल्या होत्या, आणि वाऱ्याची भोकं त्या दर रविवारी मोजून दाखवत.

“या आठवड्यात. नवं आणतो.”

“बिजागरीसकट?”

“बिजागरीसकट.”

“आणि तू डोळे बांधून यायचं.”

“मग गाडी कोण चालवणार?”

“मी. सरकारी शेतावर नऊ वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. तुझ्या बापाचं लग्न ठरलं नसेल तेव्हा.”

लायसन्स त्यांच्या पर्समध्ये खरंच होतं. फोटोत एक सडपातळ मुलगी रागाने बघत होती.

योविताला त्याने सांगितलं, “आईंना जरा फिरवून आणतो.” ती अर्धवट झोपेत म्हणाली, “बघ, किती बरा झालायस.” तो कोचापाशी उभा राहिला आणि त्याने तिचे श्वास मोजले. दहा मोजायची परवानगी होती. त्याने दहाच मोजले. अकरावा त्याने फक्त ऐकला.

गाडी गावाबाहेरच्या गोदामाजवळ थांबवून दोघांनी जागा बदलल्या. सासूबाईंनी डोक्यावरची लोकरी शाल सोडून त्याच्या डोळ्यांवर तीन पदरी बांधली. शालीला डांबरगोळ्यांचा आणि तळलेल्या लोण्याचा वास होता. कायेतान शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला आणि त्याने उजवा पाय आपल्या ब्रेकवर ठेवला. अकरा वर्षांत ज्याची कल्पना त्याने केली नव्हती असा एकमेव अपघात हाच होता.

“क्लच डावीकडे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

गाडीने उडी मारली, विचार केला, आणि निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये सासूबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी पुढचे सगळे किलोमीटर त्यातच काढले. इंजिन ओरडत होतं. कायेतान अंधारात बसून रस्ता ऐकत होता. डांबर संपलं, खडी लागली, मग खडीही संपली.

“समोर नीट दिसतंय ना तुम्हाला?”

“न दिसायला काय झालं?”

“काय दिसतंय?”

“रस्ता.”

“रस्त्यावर?”

सासूबाईंची सीट करकरली, त्या पुढे वाकल्या असाव्यात. “गाय आहे,” त्या म्हणाल्या. “लांब आहे. तपकिरी.”

मग घंटी वाजली. गाईच्या गळ्यातली नव्हे, सायकलची. कायेतानने ब्रेक असा दाबला की दोघांचीही कपाळं पुढे गेली. बाहेर कुणीतरी पुरुष लेओकादियाबाईंच्या खानदानाबद्दल जोरात बोलला आणि बोलत बोलत लांब गेला.

गाडी बंद पडली होती. पाइनमधून वारा वाहत असल्याचा आवाज येत होता.

“आई,” कायेतान म्हणाला, “तुमचा चष्मा कुठंय?”

“चष्मा वाचायला असतो. मी काय वाचतेय?”

“पहाटे, जंगलात... होता का तो तुमच्याकडे?”

“छत्री दिसायला चष्मा लागतो होय? ताटाएवढ्या होत्या.” त्यांनी किल्ली फिरवली. “बैस गप. दाराचं विसरू नकोस.”

शालीखाली त्याचे डोळे उघडेच होते. सायकलवाल्याला त्यांनी गाय म्हटलं होतं, तीही तपकिरी. या एका शब्दाभोवती त्याची भीती जमा होऊ लागली, आणि ती नेहमीसारखी नव्हती. नेहमीची भीती सगळीकडून एकदम यायची, गॅस, इस्त्री, हृदय, नळ, जे सापडेल ते धरून. ही एकाच दिशेने येत होती, सावकाश, पत्ता ठाऊक असल्यासारखी.

पुढे गाडी थांबली. सासूबाईंनी त्याला बाहीला धरून नेलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग, त्याला स्पष्ट कळलं, त्याच झाडाभोवती दोनदा.

“आई, वेळ जातोय.”

“तुझ्यासारख्याला दिशा लगेच कळते. सोड आता.”

त्याने शाल वर केली. जंगलातलं एक लहानसं मोकळं कुरण होतं, कडेला पाइन आणि बर्च, मध्ये पिवळं पडलेलं गवत. आणि गवतात देठ उभे होते. उंच, बारीक, सापाच्या कातडीसारखे तपकिरी पट्टे असलेले. वरचा भाग सुरीने स्वच्छ कापलेला.

कायेतान पहिल्यापाशी गुडघ्यांवर बसला. कडं देठावरच राहिलं होतं. त्याने दोन बोटांत धरून ते हलकेच ढकललं. कडं वर सरकलं. खाली सरकलं.

“एक,” तो म्हणाला.

“नवं दार पांढरं आण,” सासूबाई मागून म्हणाल्या.

दुसऱ्याचं सरकलं. तिसऱ्याचंही. चौथा आणि पाचवा जवळजवळ होते. त्यांची कडी एवढी सैल होती की बोट लावताच खाली घसरली. कायेतानला हसू यायला लागलं आणि त्याच्या नाकातून पाणी वाहायला लागलं, दोन्ही एकदम. तो गुडघ्यांवरच पुढे सरकत होता. सहावा जरा कडेला होता. त्याचं कडं एका जागी अडलं. कायेतानचा श्वासही तिथेच अडला. मग त्याने चिकटलेली पाइनची सुई काढली आणि ते सरकलं.

“सहा,” तो म्हणाला. “सातवा कुठंय?”

“असेल तिथंच.”

त्याने कुरण पायाखाली घातलं. सातवा नव्हता.

“आई, आठवा जरा.”

“सातवी...” सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. “सातवी इथली नव्हे. ती परतताना मिळाली. गाडीवाटेकडे जाताना. टोपलीत एक जागा रिकामी दिसत होती, बरं नाही वाटलं.”

“कशाखाली होती?”

“झाडाखाली.”

“कुठल्या?”

त्या उत्तर न देता चालू लागल्या. कुरण संपलं, पाइन विरळ झाले. गाडीवाटेच्या वळणावर एक जुना ओक होता आणि त्याखाली पानांचा थर. सासूबाई ओकाभोवती फिरल्या, काठीने पानं ढकलली आणि पुढे गेल्या. कायेतान मात्र थांबला. ज्या जागेवरून त्या नुकत्याच पाय टाकून गेल्या होत्या, तिथे एक देठ उभा होता.

तो बुटका होता. पांढरा, आणि त्या पांढऱ्यात पाण्यात पडलेल्या गवतासारखी किंचित हिरवट झाक. पट्टे नव्हते. कडं होतं, पातळ, झालरीसारखं खाली लोंबणारं.

कायेतानने दोन बोटांत ते धरलं आणि हलकेच वर ढकललं. कडं सरकलं नाही. ओल्या कागदासारखं फाटून बोटाला चिकटलं.

मग त्याने देठाभोवतीची माती नखांनी उकरली. सावकाश, काही मोडू न देता. खाली देठ फुगत गेला, आणि त्या फुगवट्याभोवती पांढरी, मऊ, फाटलेली पिशवी होती, पिल्लू बाहेर पडून गेलेल्या अंड्यासारखी.

त्याने एकदाच पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एकदा पाहणं पुरेसं झालं होतं.

“सापडला?” सासूबाईंनी लांबून विचारलं. “सरकतंय ना?”

तो बोट वर धरून तसाच बसून राहिला. सासूबाई आल्या. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन खाली वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांनी पर्स उघडली, तळातून चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, लावला आणि पुन्हा वाकल्या.

कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता. कायेतानच्या खांद्यावरचा हात आधी जड होता, मग जास्त जड झाला.

“हिरवी वाटली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“किती वाजता जेवलो आपण?”

“एक. एकच्या सुमारास.”

त्याने घड्याळ पाहिलं. चारला वीस मिनिटं कमी होती. वेळ होता. त्या दुसरीने दिलेला मोकळा वेळ. त्याने रुमालात देठ मुळासकट, पिशवीसकट, फाटलेल्या कड्यासकट उचलून बांधला. काही सांडलं नाही. मग त्याने योविताला फोन लावला.

ती पाचव्या घंटीला बोलली. आवाज झोपेचा, उबदार होता. “कुठं आहात रे दोघं?”

“योविता, नीट ऐक. आम्ही वीस मिनिटांत येतोय. कपडे करून ठेव. आपल्याला तिघांना दवाखान्यात जायचंय. पोट दुखत नसलं तरी जायचंय.”

पलीकडे कोचाची स्प्रिंग वाजली, ती उठून बसली असावी.

“अळंब्या,” ती म्हणाली. प्रश्नासारखं नव्हे. थकून.

“हो.”

“मला काही होत नाहीये, कायेतान.”

“माहितीये मला.”

“आत्ता, या क्षणी, खरंच काही घडतंय का?”

“हो.”

“तुला दर वेळी हो वाटतं.” तिचा आवाज आता थोडा फाटला. “चौदा महिने, अरे. मी सगळ्यांना सांगितलंय. मी बोळात येऊन उभी आहे, मी ठेवते बोट तुझ्या वतीनं, तू फक्त उत्तर दे. भीती वाटतेय का तुला?”

कायेतानने तोंड उघडलं. हो म्हटलं तरी तोच चौकोन होता, नाही म्हटलं तरी तोच.

सासूबाईंनी हात पुढे केला. त्याने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांच्या नखांत ओकाखालची काळी माती होती.

“आई?” योविता म्हणत होती, एवढ्या मोठ्याने की त्यालाही ऐकू येत होतं. “आई, तू सांग. त्याला परत सुरू झालंय का?”

लेओकादियाबाईंनी चष्मा काढला नाही. त्या झाडाखालच्या खड्ड्याकडे बघत होत्या.

“झालंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी घसा खाकरला. “मलाही झालंय. बूट घाल.”